हिंगमिरेंच्या तारेतली घरघर

"आला! आला बघा!" असं ओरडत हिंगमिरे आप्पांनी माझ्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली आणि तिच्या जागी हेडफोन ठेवला. "पोहे काय, नंतरबी खाता येतात. आधी हे ऐका."

मी घास तोंडाशी नेलेला होता. मुलगी बघायला गेलेल्या माणसाला पगार विचारतात, शेती किती ते विचारतात, फारच चौकस घर असलं तर चार पावलं चालवून बघतात. तासगावच्या या घरात मला घरघर ऐकवण्यात आली. हेडफोन कानाला लावला तर आत कुणीतरी गिरणी चालू ठेवून गावाला निघून गेल्यासारखा आवाज. एकसुरी, चिवट, दम न घेणारा. त्याच्या मागे, फार लांब, कुणीतरी काहीतरी बोलत होतं, पण ते माणूस होतं की मांजर हे सांगणं कठीण होतं.

"काय वाटतंय?" आप्पांनी विचारलं.

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पण शेजारी इराप्पामामा बसले होते आणि त्यांनी माझ्या पायावर पाय ठेवलेला होता, म्हणून मी ते गिळलं.

इराप्पामामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. जयसिंगपूरला त्यांचं बियाणांचं दुकान होतं, पण खरा धंदा सोयरिकी जुळवण्याचा. त्यांनी हात लावला आणि जुळलं नाही असं एकच गिऱ्हाईक होतं, ते मी. चेहरा बरा, नोकरी इचलकरंजीच्या सूतगिरणीत इलेक्ट्रिकल सुपरवायझरची, डिप्लोमा पहिल्या वर्गात. घात करायची ती जीभ. कुरुंदवाडला मुलीच्या चुलत्यांनी विचारलं, "मुलाला काही व्यसन?" मी म्हणालो, "आहे की. पाहुण्यांकडे जाऊन पोहे खायचं." म्हैसाळला मुलीच्या बापानं सात पिढ्यांच्या पाटीलकीची हकीकत ऐकवली, तेव्हा मी एवढंच विचारलं की आठव्या पिढीला काय झालं. प्रश्न रास्त होता. पण रास्त प्रश्नांनी लग्नं जमत नाहीत, असं मामांचं मत होतं आणि तोवरचा माझा अनुभवही तसाच होता.

त्या दिवशी एसटीत त्यांनी मला शेवटचं बजावलं होतं. "बसू, ही अखेरची. हितनं पुढं तुझ्यासाठी मी कुणाची पायरी चढणार न्हाई. तुझ्यापायी धाकट्याचं अडलंय. तुझी आई झोपंतनं दचकून उठती. तवा आज मान खाली आन् तोंड बंद. इचारलं तर 'होय' म्हणायचं. न्हाई इचारलं तर पोहे खायाचे."

"होय," मी म्हणालो.

वरून मी कितीही हसत असलो तरी आईच्या झोपेचं मला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर खानावळीच्या डब्यासमोर एकट्यानं बसून मलाही कंटाळा आला होता. डब्याला टोमणे मारून किती दिवस काढणार? हे लग्न जमायला हवं होतं.

जमायची लक्षणं मात्र दिसत नव्हती. मुलगी, म्हणजे शैलजा, पोहे घेऊन आली तेव्हा मी मामांच्या हुकमाप्रमाणे मान खाली घातली होती. मला तिची पावलं तेवढी दिसली. उजव्या अंगठ्यावर खडूची भुकटी होती. ती बी.एस्सी. झालेली होती आणि वरच्या खोलीत पोरांच्या शिकवण्या घ्यायची, असं कळलं. ती बसली. तिला कुणी काही विचारलं नाही. मामांनी आप्पांना बेदाण्याचा भाव विचारला, आप्पांनी तो सांगितला, आणि त्यावर दोघांनी बराच वेळ दुःख व्यक्त केलं. शेवटी तिची आई, गंगाक्का, म्हणाली, "जा बाई वर, तुझ्या वह्या तपासायच्या आहेत न्हवं?" ती गेली. मी चमचा उचलला, आणि कोपऱ्यातला आप्पांचा रेडिओ घरघरायला लागला.

"तुमच्यासारखे पाहुणे आले की नेमका उपटतो बघा हा आवाज," गंगाक्का माझी जप्त झालेली बशी झाकत म्हणाली. "एरवी कसा शाण्यासारखा असतो."

आप्पांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, धरणावर पाण्याची पातळी मोजण्यात गेली होती. तिथं डोंगराच्या कुशीत वीज होती ती नावाला, शेजार नव्हता, आणि पाणी दिवसातून फार तर बोटभर हलायचं. उरलेल्या वेळात त्यांनी रेडिओ ऐकला. साधा नव्हे. सगळं जग ज्यावर विविध गाणी ऐकतं ते सोडून, जे स्टेशन ऐकू येऊ नये अशी देवाचीच इच्छा आहे तेवढंच ऐकायचं, असा हा छंद. भाषा कळत नाही, गाणं कळत नाही, पण लांबून आलं म्हणजे झालं. निवृत्त होऊन तासगावात घर बांधलं, आणि मग त्यांना कळलं की गावात माणसं राहतात, त्यांच्याकडे मिक्सर असतात, ट्यूबलाइटी असतात, आणि या सगळ्यांची घाण तारेवर चढून आपल्या रेडिओत उतरते.

"प्रशांत महासागरात एक बेट हाय," आप्पा मला सांगू लागले. "त्यावर एक चिमुकलं स्टेशन. आपल्याकडं दिवस बुडायच्या टायमाला, तेबी थंडीतच, अर्धा तास येतं. धरणावर असताना एकदा ऐकलं, साफ, शेजारच्या खोलीतनं बोलल्यागत. हितं आल्यापासनं एकदाबी न्हाई. आज आलंय. ह्या घरघरीच्या मागं तेच बोलतंय." मग त्यांनी हेडफोनची पिन उपटली आणि घरघर साऱ्या खोलीत पसरली. "तुम्ही करंटातलं माणूस. एवढा आवाज काढून द्या. मग बाकीच्या बोलण्याला कितीसा वेळ लागतोय?"

मामा चटकन पुढे सरकले. "म्हणजे आप्पासाहेब, आवाज गेला की पक्कं समजायचं?"

"आमच्याकडनं अडचण न्हाई राहायची."

सीतेच्या बापानं निदान धनुष्य तरी समोर आणून ठेवलं होतं. इथं जे उचलायचं ते दिसतही नव्हतं. माझ्या आधी येऊन गेलेल्यांची कामगिरी आप्पांनीच सांगितली. एका इंजिनिअरनं शेजारच्या पिठाच्या गिरणीला दोष दिला आणि गिरणीवाल्याशी भांडण करून परत गेला. मिरजेच्या एकानं वेल्डिंगच्या दुकानाकडे बोट दाखवलं, ते दुकान त्या दिवशी बंद होतं. एका प्राध्यापकानं, हा आवाज थेट सूर्यावरच्या डागांचा आहे, असं छातीठोक सांगितलं. सूर्याशी भांडायला कुणी जाऊ शकत नाही, एवढ्यापुरता तो मला शहाणा वाटला.

पोहे झाकून ठेवून आम्ही अंगणात गेलो. गच्चीवरच्या लोखंडी खांबापासून परसातल्या नारळापर्यंत तांब्याची लांब तार ताणलेली होती, दोन्ही टोकांना चिनी मातीचे मणी. खांबापासून खाली उतरणारी तार वरच्या खोलीच्या खिडकीला जवळजवळ घासून सोप्यात, म्हणजे त्यांच्या बैठकीत, रेडिओपर्यंत आलेली.

"सकाळीच गच्चीवर चढून ताणलीया," आप्पा अभिमानानं म्हणाले.

न बोलायचं ठरवलेलं असूनही माझ्यातला सुपरवायझर बोलला. "आप्पा, उतरती तार घराच्या बाजूनं कशाला आणलीत? पंखे, दिवे, वायरिंग, सगळ्याची घाण ती उतरताना गोळा करते. तार नारळाच्या टोकाकडून उतरवा. नारळाच्या बुडाशीच अर्थिंगची वेगळी कांब ठोका, घराच्या अर्थिंगला ती जोडायची नाही. तिथून जमिनीखालून जाळीची केबल आणा. मध्ये लोखंडी भुकटीच्या कड्यावर दोन वेगवेगळी वेटोळी घाला, म्हणजे तारेनं हवेतून वेचलेलं तेवढं पुढं येईल आणि घरातला कचरा घरातच राहील."

"ठाव हाय," आप्पा म्हणाले. परसाच्या भिंतीला तांब्याची कांब टेकवलेली होती. बाजूला केबलचं भेंडोळं, त्यावर कोळ्यांनी जाळी विणलेली. "दोन वर्सं झाली आणून."

"मग ठोकली का नाही?"

"राहून गेलं."

सकाळी गच्चीवर चढून तार ताणणाऱ्या माणसाकडून एक कांब ठोकायची राहून जाते, हे मला विचित्र वाटलं. पण जगात विचित्र गोष्टी पुष्कळ असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा मुलगी बघायला गेल्यावर भेटतात. मी पुढे काही बोललो नाही.

"रेडिओ सेलवर लावा," मी म्हणालो. लावला. घरघर तशीच.

"मेन स्विच बंद करा."

"ते मी कवाच करून बघितलंय," आप्पा म्हणाले. तरी व्हरांड्यात जाऊन त्यांनी खटका ओढला. घर अंधारलं, गंगाक्काचा मिक्सर थांबला, तिनं आतून काहीतरी पुटपुटलं. रेडिओ घरघरतच राहिला. "ऐकलंसा? म्हणजे माझं घर निर्दोष. आवाज भाईरचा!"

हे ते अशा थाटात म्हणाले की कोर्टातनं सुटलेला आरोपीही म्हणणार नाही. पण ते मीटरच्या पेटीला पाठ लावून उभे होते, आणि त्यांच्या खांद्यावरून मला पेटी दिसत होती. पेटीत दोन मीटरं होती. एकाची चकती थांबली होती. दुसऱ्याची सावकाश, निवांतपणे फिरत होती.

"दुसरं मीटर कुणाचं?"

"ते होय? वर भाडेकरू होता पूर्वी. त्याच्यासाठी घेतलेलं. आता शैला शिकवण्या घेती ना, तिच्या खोलीचं."

"मग ती खोली बंद करून बघितली?"

"तिच्या शिकवणीत कशाला लुडबूड?" आप्पा म्हणाले आणि मेन स्विच वर करून नारळाकडे बघायला लागले.

मी त्यांच्याकडून हातात मावणारा छोटा ट्रान्झिस्टर मागून घेतला. त्याच्या आत एक काळी कांडी असते. तिचं टोक आवाजाच्या दिशेला केलं की आवाज मरतो, आडवी धरली की वाढतो. माणसांच्या बाबतीत अशी कांडी असती तर माझी पुष्कळ एसटीभाडी वाचली असती. ट्रान्झिस्टर हातात धरून मी त्या घरात हळूहळू फिरलो. गिरणीच्या बाजूला आवाज काहीच नाही. रस्त्याच्या खांबाकडे किरकोळ. जिन्यापाशी गेलो आणि ट्रान्झिस्टर थेट गुरगुरला.

"मी जाऊन बघू वर?" मी विचारलं.

"जावा की. माझं गुडघं चालत न्हाईत," आप्पा म्हणाले आणि बाकावर बसले.

मामा लगबगीनं जिन्यापाशी आले आणि माझ्या कानाशी लागले. "सापडलं वाटतं? सापडलंच! बसू, लेका, नशीब काढलंस. गप आण ते काय असंल ते खाली आणि त्यांच्या पुढ्यात ठेव. आईला तुझ्या पेढं घेऊनच जाऊ."

वरची खोली म्हणजे लहानशी शाळाच होती. फळा, दोन सतरंज्या, कोपऱ्यात वह्यांचा ढीग. शैलजा खुर्चीत बसून वह्या तपासत होती. जानेवारीचे दिवस, ऊन कललेलं, तासगावची थंडी. तिनं शाल कानापर्यंत गुंडाळलेली होती, आणि तिच्या डोक्यावर पंखा फिरत होता. ट्रान्झिस्टर माझ्या हातात असा ओरडायला लागला की मला तो बंदच करावा लागला.

"काय शोधताय?" तिनं मान वर न करता विचारलं.

"तुमच्या आप्पांचा आवाज."

"सापडला?"

"पंखा कशाला लावलाय?"

"उकडतंय."

"शाल पांघरून?"

तेव्हा तिनं वर पाहिलं, आणि मीही तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मला ती आवडली. हे सरळ सांगून टाकतो, कारण आडवळणानं सांगण्यासारखं त्यात काही नाही. डोळे असे होते की समोरच्याचं गणित चुकलंय हे बघताक्षणी कळावं, आणि ते चुकलंय म्हणून तिला वाईटही वाटावं.

ती उठली. भिंतीवर रेग्युलेटर होता, तो नव्या पद्धतीचा, चाकासारखा फिरवायचा. असले रेग्युलेटर करंट कापून कापून सोडतात. पूर्ण फिरवला तर गप्प असतात, अर्धा ठेवला तर आसपासचे सगळे रेडिओ आंधळे होतात. तिनं चाक पूर्ण फिरवलं. पंखा भणाणला, आणि खालची घरघर थांबली. खालून मामांचा आनंदाचा आवाज आला. तिनं चाक परत अर्ध्यावर आणलं. खाली घरघर सुरू झाली, मामा गप्प झाले.

"पाहुण्यांसाठी खास?" मी म्हणालो.

"खास." ती हसली नाही. "पहिल्या वेळी, दोन वर्षांपूर्वी, चुकून झालं. त्या इंजिनिअरला मी नको म्हणाले होते. आप्पांना जाऊन सांगितलं, मला हा माणूस नको. आप्पा 'हं, हं' म्हणाले आणि स्टेशन फिरवत बसले. तीनदा सांगितलं. तीनदा हं, हं. मग मी रागानं वर येऊन पंखा लावला. तेवढ्यानं खाली भांडण पेटलं, तो गिरणीवाल्याच्या अंगावर धावून गेला, आणि आप्पांनीच त्याला नाही म्हणून सांगितलं." तिनं खडूची भुकटी हातावरून झटकली. "माझ्या तोंडातून आलेलं आप्पांना ऐकू येत नाही हो. त्या डब्यातून आलेलं लगेच ऐकू येतं. मग मी तिथूनच बोलायला लागले."

"आणि मी? मी काय केलं? मी तर अजून पोहेही खाल्ले नाहीत."

"तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही. तुमचे मामा बेदाण्याचा भाव विचारत होते आणि तुम्ही पोह्यांतले शेंगदाणे मोजत होतात."

"मामांचा हुकूम होता. मान खाली, तोंड बंद."

"एवढं ऐकता मामांचं?"

"आजच. एरवी कुणाचंच ऐकत नाही. म्हणून तर अजून बिनलग्नाचा आहे."

तिच्या ओठाचा कोपरा जरा हलला. मग ती पुन्हा गंभीर झाली. "जावा, सांगा खाली. आजवर कुणी वर आलंच नव्हतं. सगळे बाहेर, आभाळात, शेजाऱ्यांच्या घरात शोधायचे. तुम्हाला सापडलं. सांगितलंत की आप्पा हो म्हणतील. शब्द दिलाय ना त्यांनी? मग माझं काय, मला रेग्युलेटरही उरणार नाही."

ती खुर्चीत बसली आणि पुढची वही तिनं ओढली. मी जिन्याकडे वळलो.

त्या जिन्याला पायऱ्या फार नव्हत्या, पण मला उतरायला वेळ लागला. खाली मामा उभे होते, त्यांच्या मागे धाकट्याचं अडलेलं लग्न उभं होतं, आणि त्याच्या मागे आई. एक वाक्य बोललं की सगळे सुटत होते. आणि वाक्य तरी कसलं! आयुष्यभर लोकांना टोमणे मारत आलो, पण इतका तयार, इतका रसरशीत विनोद माझ्या हाती कधी आला नव्हता. 'आप्पा, सारं जग ऐकता, तुमच्या डोक्यावर बसून तुमची मुलगी दोन वर्षं नाही म्हणतेय ते तेवढं ऐकत नाही!' ऐकायला तिघं जण जागेवर हजर. जीभ अक्षरशः वळवळत होती.

पण तो विनोद केला की तिला माझ्याशी लग्न करावं लागलं असतं. मला बायको हवी होती हे खरं, पण अशी पकडून आणलेली नको होती.

"काय, सापडलं?" आप्पांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

मामांचा चेहरा पडला. "अरं, आत्ता मधनंच थांबलावता की आवाज!"

"आपोआप थांबला. आपोआप आला."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. "वर काय दिसलं?"

"पोरांचा वर्ग. फळा. वह्या."

"मग आवाज कशाचा? गिरणीचा?"

"नाही."

"मग?"

"माहीत नाही."

सोप्यात रेडिओ घरघरत होता. आप्पा म्हणाले, "आजवर जेवढे आले त्यांच्यापैकी एकबी माहीत न्हाई म्हणाला नव्हता."

"मग ते माझ्यापेक्षा हुशार असणार," मी म्हणालो. मामांनी पुन्हा माझ्या पायावर पाय ठेवला, पण आता त्यात जोर नव्हता.

उठायची वेळ झाली होती. गंगाक्कानं पोह्यांची बशी परत पुढे केली, गार पोहे मी उभ्या उभ्या चार घासांत संपवले. चांगले होते. मामांनी टोपी घातली, आणि जे लग्न जमणार नाही त्याच्या घरी माणूस जसं बोलतो तसं म्हणाले, "बरंय मग, येतो. कळवा सावकाश." दारात बसून ते चपला शोधायला लागले. मला ठाऊक होतं की एसटीत ते एक अक्षर बोलणार नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट असणार होतं. घरी आई दारात उभी असेल. मी चपलेचा पट्टा ओढला.

आणि घरघर थांबली.

थांबली ती थांबलीच. त्या शांततेत एक बाई बोलायला लागली. कुठली भाषा, देव जाणे. बोलणं सावकाश, जवळचं. शेजारच्या खोलीत कुणी कुणाला दिवसभराची हकीकत सांगावी तसं. बोलता बोलता ती मध्येच हसलीसुद्धा. मग माणसांचा एक घोळका गायला लागला, वाद्यं नाहीत, नुसते गळे. मला छंदबिंद काही नव्हता, पण मी चपला तशाच ठेवून ऐकत राहिलो. माणसं एवढ्या लांबून येतात आणि एवढी स्वच्छ ऐकू येतात, हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

"गेला बाई एकदाचा!" गंगाक्का म्हणाली. "अहो, तुमचं बेट! बघा तरी!"

आप्पा रेडिओकडे बघत नव्हते. ते जिन्याकडे बघत होते.

"पाव्हणं एसटीत बसूस्तवर कधी थांबला न्हाई हा," ते म्हणाले. "आज दारातच थांबला."

"शुभशकुन आहे आप्पासाहेब!" मामांनी संधी साधली.

"शकुन कसला?" आप्पा बाकावरून उठले. गुडघ्यांनी काही कुरकुर केली नाही. "सारी नोकरी पाटबंधाऱ्यात केली मी. पाणी कुठं मुरतंय एवढं कळत न्हाई व्हय मला? ती कांब दोन वर्सं भिंतीला टेकून ठेवलीया, ती काय ठोकता येत न्हाई म्हणून? ठोकली असती तर घरघर गेली असती, अन् पोरीचं 'न्हाई' मला मग कुणी सांगितलं असतं?"

गंगाक्काच्या हातातली बशी तशीच राहिली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग पोरीला सरळ विचारायचं की हो!"

"इचारायला तोंड पाहिजे. पहिल्यांदा सांगाय आली तवा मी ऐकलं न्हाई. दुसऱ्यांदा न्हाई, तिसऱ्यांदा न्हाई. मग कुठल्या तोंडानं इचारू?" ते माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही, पाव्हणं. वर जाऊन आलासा. सापडलं न्हाई म्हणालासा. खरं का?"

"होय," मी म्हणालो.

"खोटं बोलताय."

"होय."

मामांनी कपाळाला हात लावला.

आप्पा रेडिओपाशी गेले. बेटावरची माणसं अजून गात होती. आप्पांचा हात खटक्यावर जरा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी रेडिओ बंद केला.

"अहो!" गंगाक्का म्हणाली. "इतकी वर्षं वाट बघितलीत की!"

"बेट कुठं जात न्हाई." ते जिन्याच्या तळाशी जाऊन उभे राहिले आणि वर तोंड करून त्यांनी हाक मारली. "शैले! खाली ये."

ती अर्ध्या जिन्यापर्यंत आली. शाल खांद्यावर, बोटात लाल पेन.

"काय आप्पा?"

"पाव्हणं निघालेत. तुझं काय म्हणणं हाय?"

"सांगितलं की आत्ताच."

"ते मशीनला सांगितलंस. मला सांग. मी ऐकतोय."

ती कठडा धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिनं ते पुसायची तसदी घेतली नाही. बापाकडे तिनं पुष्कळ वेळ बघितलं, माझ्याकडे जेमतेम.

"हा चालेल मला," ती म्हणाली. "मनात आलेलं सगळंच बोलून टाकत नाही हा. समजूतदार आहे."

मामांना असा काही ठसका लागला की गंगाक्काला पाणी आणायला धावावं लागलं.